आघात पहिल्या पदावर

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी माझ्या मूलभूत हक्कांवर घाला घालण्यात आला. दाढीचा ब्रश उचलला तर त्याच्या मुठीला पिवळी चिठ्ठी, आणि तिच्यावर निळ्या शाईत त्याचं जर्मन नाव, ‘राझीरपिन्झल’. चिठ्ठी भिजली, शाई फेसात उतरली, फेस गालाला लागला. अर्धी सकाळ मी निळ्या गालाने घरभर हिंडलो आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. घाला परवडला, पण हे दुर्लक्ष नको.

या घरातली एकही वस्तू आता आपल्या नावाने जगत नाही. फ्रिजचा ‘क्यूलश्रांक’ झालाय, म्हणजे गार कपाट. दिव्याचा ‘ग्ल्यूबिर्ने’, म्हणजे पेटतं पेअर. हातमोज्याला हे जर्मन लोक हाताचा बूट म्हणतात. नवा शब्द घडवायचा यांना कंटाळा. जुनेच दोन धरायचे, एकमेकांच्या गळ्यात बांधायचे आणि म्हणायचं, करा संसार.

हा सगळा उद्योग मुंगीचा. तिच्या आईशी माझं लग्न झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती. या घरात राहायला आली त्या दिवशी तिने आपल्या सामानाला कोणालाही हात लावू दिला नाही. एकेक वस्तू घेऊन जिना चढायची. उशी, मग कंपासपेटी, मग एक सँडल, मग दुसरी. मी नाव ठेवलं मुंगी, आणि ते चिकटलं. ‘बाबा’ या शब्दाचं वाटप आधीच झालेलं होतं, त्यामुळे उरलेल्या मालातून माझ्या वाट्याला ‘काका’ आला. तक्रार नाही. काका हे सुटसुटीत पद आहे. त्यात चुकण्यासारखं काही नाही.

आता मुंगी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते. त्याच कामाच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी तिला जर्मनीत जागा मिळाली आहे, पण जर्मन बोलण्याची परीक्षा पास झाली तर. तिच्या होऊ घातलेल्या पदाचं नाव ‘ह्योरगेरेटेआकुस्टिकरिन’. एका दमात म्हणायचं.

“घरात माझं कोणी ऐकत नाही आणि तू जगाला ऐकवायला निघालीस,” मी म्हणालो.

“काका, तुम्ही बोलत नाही, दुरुस्त करता. ते ऐकायला वेगळं यंत्र लागतं.”

मी मुद्रितशोधक आहे. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतो. घरी तेच काम फुकट करतो, असं बायकोचं म्हणणं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी घरी येऊन माझं आटवते.

शनिवार, ९ मार्च

योगायोग म्हणजे काय, तर आपल्याला नको असलेली गोष्ट दोन दारांनी आत येणं. आज छापखान्यात माझ्या टेबलावर एक पुस्तिका आली, ‘जर्मन जोडशब्द: फोड, घडण आणि आघात’. लेखिका म्हणजे मुंगीच्या क्लासच्या बाई. स्वतः मजकूर घेऊन आल्या होत्या. आवाज असा की शाळेच्या घंटेने बदली मागावी.

“तुम्हाला जर्मन येतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. पण चुका सगळ्या भाषांत सारख्याच दिसतात.”

“मग चुकाच बघा. मजकुरात शिरू नका.”

मी शिरलोच. दिवसभर वाचली आणि सांगायला नको, पण आवडली. या भाषेत लांब शब्द भिववायला नसतो, सोडवायला असतो. जोड कुठे आहे ते बघायचं. शेवटचं पद मालक. शब्दाचा अर्थ त्याचा, लिंग त्याचं, अनेकवचनही त्याच्या मर्जीने. गार कपाट हे शेवटी कपाटच. आधीची सगळी पदं त्याची हुजरेगिरी करतात. पण आवाज चढतो, म्हणजे आघात येतो, तो पहिल्या पदावर. घर चालवतो शेवटचा आणि हाकाटी होते पहिल्याच्या नावाने. अशी घरं मी पाहिली आहेत.

कुठे कुठे दोन पदांच्या मध्ये एक ‘स’ येतो. तो याचाही नाही, त्याचाही नाही. नुसता डिंक. अर्थ शून्य, पण काढला तर शब्द खिळखिळा होतो. बाईंनी त्याच्याविषयी फार प्रेमाने लिहिलं आहे.

छापखान्याला म्हणतात ‘ड्रुकराय’. तो जोडशब्द नाही, त्याला शेपूट जोडलंय. म्हणून त्याचा आघात शेवटी, ‘राय’वर. म्हणजे छापखान्यात तरी शेवटच्या माणसाला वजन आहे. मालकांना सांगितलं. हसले नाहीत.

रविवार, १० मार्च

मुंगीने विचारलं, “काका, बोलायचा सराव घ्याल माझा? आई परीक्षक झाली की मला रक्त तपासायला आल्यासारखं वाटतं.”

घेतला. चष्मा नाकाच्या टोकावर आणून मी कठोर चेहरा केला. (बायकोच्या मते वेगळा करावा लागला नाही.) विषय कुटुंब. मुंगीने घर सांगितलं, आई सांगितली, मग जरा थांबून म्हणाली, “माइन फाटर आर्बाइटेट इन आइनर ड्रुकराय.”

“म्हणजे?”

“माझे वडील छापखान्यात काम करतात.”

“चूक.”

“काय चुकलं? क्रियापद?”

“व्याकरण ठीक आहे. माहिती चूक आहे. तुझे वडील टाइल्स विकतात.”

“परीक्षक काय टाइल्स मोजायला येणार आहेत का?”

“कागदोपत्री वडील म्हणून त्यांचं नाव आहे. उद्या कोणी ताडून पाहिलं तर? पहिल्याच वाक्याला खोटी ठरशील.”

तिच्या वडिलांना मी मनात मूळप्रत म्हणतो. मूळ प्रत ती मूळ प्रत. फाटकी असो, डागाळलेली असो, अर्धी पानं गहाळ असोत, मान तिचाच. मी आपली सुधारित दुसरी आवृत्ती. माणूस वाईट नाही, हीच अडचण आहे. वाढदिवसाला फोन करतो, तोही दोन दिवस उशिरा, आणि असा हसतो की उशीर तारखेने केला असावा.

“मग काय म्हणू?” मुंगीने विचारलं.

“पुस्तिकेत शब्द आहे. श्टीफफाटर. श्टीफ म्हणजे सावत्र, फाटर म्हणजे बाप.”

“शब्द माहीत आहे मला.”

“मग वापर. शब्द असताना दुसरा वापरणं म्हणजे आळस.”

ती पाणी प्यायला उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून आली नाही. ऊन फार वाढलं आहे.

गुरुवार, २१ मार्च

मुंगी आता श्टीफफाटर म्हणते, पण चुकीचं. आघात दुसऱ्या पदावर देते. श्टीफ पुटपुटल्यासारखं, ओठांतल्या ओठांत, आणि मग ‘फाऽटर’ असं मोकळं, छातीतून. ऐकणाऱ्याला पहिला तुकडा जवळजवळ ऐकूच येऊ नये.

मी नियम सांगितला. पहिलं पद. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच.

मी शास्त्रीय पद्धतीने शोध घेतला. श्टीफमुटर, सावत्र आई. बरोबर म्हटलं. श्टीफब्रूडर, सावत्र भाऊ. बरोबर. क्रांकनफरझिषरुंग्सकार्टे म्हणजे आजारपणाच्या विम्याचं कार्ड, बोलताना माणूस आजारी पडावा असा शब्द. तोही बिनचूक, आघात थेट ‘क्रां’वर. म्हणजे नियम कळलेला आहे. मग एकाच शब्दाला काय धाड भरली आहे?

जेवताना बायकोपुढे कोडं ठेवलं.

ती म्हणाली, “अहो, वाचायला तुम्ही चष्मा लावता. ऐकायला काय लावता?”

“म्हणजे?”

“काही नाही. भात वाढू?”

या घरात सरळ उत्तर मिळत नाही. मी भात घेतला.

मंगळवार, २ एप्रिल

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामावर कोणी ओरडलं. पुस्तिका छापून झाली, बांधणी झाली, आणि बाई गठ्ठ्यातली एक प्रत उघडून माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

पानावर दोन रकाने होते. एकाला मथळा ‘चूक’, दुसऱ्याला ‘बरोबर’. ‘चूक’खाली छापलं होतं ‘श्टाउ-बेकन: पाणी साठवण्याचा तलाव’. आणि ‘बरोबर’खाली छापलं होतं ‘श्टाउ-बेकन: पाणी साठवण्याचा तलाव’.

“दोन्ही बरोबर आहेत,” मी म्हणालो.

“तेच तर! पहिल्या रकान्यात मी श्टाउप-एकन लिहिलं होतं. जर्मन अक्षरं तीच, पण जोड चुकीच्या जागी तोडला की तलावाचे धुळीचे कोपरे होतात. ते दाखवायचं होतं मला. ती चूक मुद्दाम होती!”

“चूक मुद्दाम कशी असेल?”

“अहो, वरती ‘चूक’ असं लिहिलंय!”

“मथळा मी वाचला होता. पण खाली चूक दिसली. चूक दिसल्यावर हात थांबत नाही.”

मालक आले, चहा मागवला गेला, त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचं ठरलं. पण बाई हलेनात. “शंका आली तर विचारायचं ना मला. समासात एक प्रश्नचिन्ह टाकायला काय शाई लागते?”

समासात! मराठीत दोन शब्द जोडले तरी समास आणि पानाच्या कडेला कोरी जागा सोडली तरी समास. मी हा विनोद केला. ती वेळ नव्हती.

“लेखकाला विचारायचं असतं, हे मला शिकवू नका,” मी म्हणालो. “पण शंकाच आली नाही तर काय विचारू?”

“बरोबर आहे. शंका येत नाही, तोच तुमचा आजार आहे.” मग त्यांचा आवाज उतरला. “तुम्ही त्या श्रवणयंत्रवालीचे ना?”

कोण, ते त्यांनी म्हटलं नाही. मीही नाही. “घरचा,” म्हणालो.

“वर्गात फार बोलते तुमच्याबद्दल.”

“काय बोलते?”

“तिच्याकडे अजून शब्द कमी आहेत. आहेत तेवढ्यात बोलते.”

संधी साधून मी म्हणालो, “तिचा एक शब्द सतत चुकतो. श्टीफफाटर. तुम्ही लक्ष द्यायला हवं.”

“माहीत आहे. मी सोडलाय तो.”

“सोडलाय?”

“बाकीच्या मुलांचे ढीगभर चुकतात, ते धरते. तिचा तो एक राहू द्या. त्याने ती नापास होणार नाही.”

वर मला सांगतात, चूक मुद्दामही असते! शिक्षकच जर चुका पोसायला लागले तर आम्ही शोधकांनी काय विळे घासत बसावं? त्याच क्षणी ठरवलं, हा शब्द मी स्वतः सुधारणार.

शनिवार, ६ एप्रिल

मुंगी न्हाणीघरात दार लावून सराव करते. नळ सोडलेला असतो तरी ऐकू येतं. कुटुंब, घर, छंद. त्या शब्दापाशी आली की नळ मोठा करते. पाण्याची नासाडी.

रविवार, १४ एप्रिल

आज बसवलंच.

युक्ती साधी. टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करायची. पहिल्या पदाला जोरात टक, दुसऱ्याला हात वर. मी टकटक करत होतो, मुंगी म्हणत होती. पहिले काही वेळा तेच, श्टीफ गिळलेलं, फाटर मोकळं.

“टक कुठे झाली?”

“पहिल्यावर.”

“आणि तू जोर कुठे दिलास?”

“दुसऱ्यावर.”

“का?”

ती म्हणाली, “काका, तो उच्चार तुम्हाला ऐकायला वाईट वाटतो का?”

“वाईट-चांगलं असं काही नसतं. बरोबर किंवा चूक असतं.”

“पण कसा वाटतो?”

“चूक वाटतो.”

मग तिने तो नीट म्हटला. ‘श्टीफ’ इतकं टणक की माझ्या टकटकीची गरज राहिली नाही, आणि मागून फाटर, निमूट, हळू, सावलीसारखं. पुस्तिकेच्या बरहुकूम.

“शाब्बास! परत एकदा.”

“नको. आलं मला आता.” तिने खुर्ची आत सरकवली. “परत चुकणार नाही.”

उभ्या आयुष्यात इतक्या हट्टी चुकीशी माझी गाठ पडली नव्हती. समाधान वाटायला हवं. वाटलं. अंगात कणकण आहे, हवामानामुळे असेल.

सोमवार, १५ एप्रिल

बायको बोलत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “तुम्ही बरोबर आहात.” सोळा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ते शिवीसारखं लागावं हेही तिचंच कौशल्य.

मुंगीने सरावासाठी एक मैत्रीण शोधली आहे. दोघी कानात यंत्रं घालून फोनवर बोलतात. माझा वेळ वाचला.

शनिवार, २० एप्रिल

परीक्षा. मी सोबत गेलो. नको म्हणाली होती, तरी गेलो. बाहेरच्या बाकावर वाट बघणारे पालक असे बसले होते की आत शस्त्रक्रिया चालू असावी. एका गृहस्थाने विचारलं, “तुमचं कोण आहे आत?” मी म्हणालो, “विद्यार्थिनी.” त्याने पुढे विचारलं नाही.

मुंगी बाहेर आली. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा.

“काय विचारलं?”

“कुटुंब.”

“मग?”

“तुम्ही शिकवलं तसंच म्हटलं.”

“आघात?”

“पहिल्या पदावर, काका.”

“उत्तम!”

“मी चालत येते. तुम्ही व्हा पुढे.”

घर लांब होतं. तरी मी पुढे झालो. परीक्षेनंतर मुलांना मोकळीक लागते, असं कुठेतरी वाचलं आहे. बहुधा मीच तपासलं असेल.

शुक्रवार, ३ मे

पास! बायकोने शेजारीपाजारी पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. मूळप्रतला फोन मुंगीने केला. त्याचा आवाज पलीकडच्या खोलीतही मावत नव्हता.

“अरे, माझी मुलगी आहे शेवटी!”

शेवटी. व्याकरण त्याला येत नाही, पण पद बरोबर पकडलं. शेवटचं पद मालक.

संध्याकाळी बाई छापखान्यात आल्या, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या तपासायला. मी स्वतःहून विषय काढला. “उच्चाराला किती मिळाले?”

“पैकीच्या पैकी.”

“बघा! तुम्ही सोडणार होतात.”

“बोलण्याच्या ओघाचे मात्र गेले. परीक्षक माझी जुनी ओळखीची. म्हणाली, मुलगी छान बोलत होती, मध्येच एका शब्दापाशी आली आणि गप्प झाली. इतका वेळ की परीक्षकांना वाटलं, विसरली. मग म्हटला, अगदी स्वच्छ. म्हटला आणि पुढे त्या माणसाबद्दल एकही वाक्य बोलली नाही. वर्गात तर त्यावर पाच मिनिटं बोलायची.”

“काय बोलायची?”

बाई चिठ्ठ्या मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आता काय करायचंय? छापून झालं.”

मी चिठ्ठ्या चिकटवत बसलो. चुकीच्या रकान्यात चूक परत आणून लावायची. विचित्र काम आहे. हाताला सवय नाही. दोन तिरक्या गेल्या.

शनिवार, २२ जून

काही लिहिण्यासारखं घडत नाही. कागदपत्रं, शिक्के, ‘आउफएन्टहाल्ट्सगेनेमिगुंग’ म्हणजे राहण्याची परवानगी. मधल्या ‘ट्स’मधला ‘स’ म्हणजे तोच डिंक. या शब्दात तोच काय तो एकटा बिनपरवाना राहतो.

मुंगी माझ्याशी छान वागते. कपात चहा ठेवते, चष्मा पुसून देते, विचारलं तर उत्तर देते. पूर्वी भांडायची.

शनिवार, १७ ऑगस्ट

गेली.

विमानतळाच्या दारापाशी तिकडच्या संस्थेच्या एक बाई उभ्या होत्या, या तुकडीला न्यायला आलेल्या. उंच, हसऱ्या, हातात नावांचा फलक. मूळप्रत आमच्याआधी पोहोचला होता. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. त्याने मुंगीसाठी उबदार कोट आणला होता, नेमका तिच्या मापाचा. माप मी बायकोला विचारलं तेव्हा तिलाही सांगता आलं नव्हतं.

“काय साहेब,” माझ्या खांद्यावर थाप टाकत तो म्हणाला, “तुम्ही लेकीला जर्मन शिकवलंत म्हणे. आपल्याला तर मराठीच धड येत नाही!” आणि हसला. बायकोही हसली. मीही हसलो असेन.

त्या उंच बाईंनी आमच्याकडे बघून विचारलं असावं, हे सगळे कोण. मुंगी वळली. आधी आई. मग मूळप्रतच्या कोपराला हात लावून, “दास इस्ट माइन फाटर.” हे माझे वडील. मग माझ्याकडे वळली. हात लावला नाही, नुसती माझ्या डोळ्यांत बघत थांबली. थांबणं असं की कोणी प्रश्न विचारावा आणि उत्तराला जागा ठेवावी. मला वाटलं, शब्द विसरली. मी मदत म्हणून बोटाने हवेत टक केली.

“उन्ट दास,” मुंगी म्हणाली, “इस्ट माइन श्टीफफाटर.”

पहिल्या पदावर. शेजारी फाटर नुकताच येऊन गेलेला असल्याने तर तो आघात जास्तच ठसठशीत उठला. त्या बाई कौतुकाने काही बोलल्या. उच्चाराबद्दलच असणार. मुंगी अजून माझ्याकडेच बघत होती.

“बरोबर,” मी म्हणालो.

“माहीत आहे, काका.”

मग आईला मिठी, वडिलांना मिठी. मला म्हणाली, “डाव्या कानाने तुम्हाला कमी ऐकू येतं. दुकानात कितीदा बोलावलं, आला नाहीत. आता दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.” कॉलर नीट केली माझी. नीटच होती. आणि आत गेली.

येताना मूळप्रतने गाडीतून सोडलं. बायको पुढे बसली, कारण तिला मागे मळमळतं. दोघं मुंगीच्या पहिल्या दाताबद्दल बोलत होती. तो दात मी पाहिलेला नाही.

घरी आल्यावर कोणी नव्हतं तेव्हा मी तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. चुकीचा. तिच्यासारखा, पहिलं पद गिळून. जमला नाही. खूपदा प्रयत्न केला. जीभ आपोआप पहिल्या पदावर जाऊन आदळते. मी फार चांगला शिकलो आहे.

सोमवार, १९ ऑगस्ट

काल फोन आला. पोहोचली, जेवली, थंडी आहे. आईशी बोलली. “काका कसे आहेत” असं विचारलं म्हणे. मी समोरच होतो.

बॅगांचं वजन बघायला समोरच्या दारातल्या वहिनींकडून हातात धरायचा वजनकाटा आणला होता, तो आठवला. मुंगीने त्यावर बॅगा इतक्या वेळा लटकवल्या की शेवटी आकडे दिसेनासे झाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन सेल आणले, घातले, पाण्याचा तांब्या लटकवून पाहिला, आणि काटा परत द्यायला गेलो.

वहिनी दारातच उभ्या होत्या. “पोहोचली का हो तुमच्या बायकोची मुलगी?”

वाक्य मी सवयीने दोनदा तपासलं. कर्ता, क्रियापद, नातं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

“पोहोचली,” म्हणालो. “आणि काट्याचे सेल बदललेत. जुने आम्हीच संपवले होते.”